चुंबळीतल्या कवड्या

परवा दिग्रसला एका विद्वानांनी भर सभेत निकाल देऊन टाकला. बंजारा म्हणजे मारवाडच्या वाळवंटातून वाट चुकून वऱ्हाडात आलेली माणसं. त्यांना इतिहास नाही, नुसती गाणी आणि दंतकथा. कागद दाखवा, मग बोलू. टाळ्याही पडल्या.

वाट चुकून! अहो, एखादा बैल वाट चुकेल. लाखभर बैल चुकतात होय? 1630 च्या सुमारास मोगल सरदार आसफखानाच्या दख्खन स्वारीत भंगी-जंगी या बंजारा नाईकांचे 1,80,000 आणि भगवानदास नाईकाचे 52,000 बैल होते, ही सांगी वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या साहेबानं टिपून ठेवली आहे. सांगीतला आकडा फुगला असेल. निम्मा करा, त्याच्याही निम्मा करा. तरी प्रत्येक मुक्कामाला एवढ्या जनावरांचं गवत-पाणी कुठं, कोणत्या घाटानं उतरायचं, कोणती नदी कधी ओसरते, हे तांड्याच्या नायकाला तोंडपाठच असावं लागणार. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानंही दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णन केलेत. मीठ, धान्य पाठीवर घालून मुलूख जोडणाऱ्या या लदेणीला विद्वान ‘भटकणं’ म्हणतात. स्वतः मुंबईला जातात तो मात्र ‘दौरा’!

बाहेरचे म्हणता? गहुलीत 1913 ला जन्मलेल्या आमच्याच बंजारा वसंतराव नाईकांनी 1963 ते 1975 मुख्यमंत्री म्हणून राज्य चालवलं, तेव्हा रहिवासी दाखला कुणी मागितला नाही.

आमच्यातलेही काही कमी नाहीत. युरोपातल्या जिप्सींपासून थेट हडप्पापर्यंत सोयरीक जुळवतात. त्यांच्याशी भांडून माझी निम्मी दाढी पिकली, ते असो.

कागदच हवा ना? आहे की! 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढं लमाणांवर, म्हणजे आम्हा बंजारांवरही बसला. रेल्वेनं लदेणी मोडली, कायद्यानं माणूस. तो कायदा गेला 1952 ला. कागदाचा आमचा अनुभव हा असा.

मग आमचं म्हणणं काय? एवढंच, की दंतकथा खरी मानू नका, पण तपासा तरी. लेंगीत, म्हणजे आमच्या होळीच्या गाण्यांत, कुठले घाट, कुठल्या नद्या येतात ते म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर मांडा. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, चुंबळीला कवड्या शिवलेल्या आहेत, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. कवडी समुद्रातली, आणि एके काळचं चलन. वाळवंटातल्या माणसांच्या डोक्यावर समुद्र कुठल्या वाटेनं आला, तेवढं त्या विद्वानांनी सांगावं.