ताराबाईंच्या दोन शपथा

यंदाच्या शिवजयंतीला आमच्या तलमडुगूच्या शाळेत बाहेरगावचे एक वक्ते आले होते. विषय होता महाराणी ताराबाई. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. औरंगजेबासारख्या बादशहाला सात वर्षे झुंजवणारी पंचविशीतली विधवा राणी त्यांनी मुलांच्या डोळ्यांपुढे अशी काही उभी केली की कापसाच्या वेचणीवरून थेट येऊन मागे उभे राहिलेले पालकही टाळ्या वाजवू लागले. 1707 साली बादशहा मेला आणि तिथे भाषण संपले. आभाराआधी दहावीतली एक मुलगी उठली. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू अशी आमच्याकडची नेहमीची मुलगी. तिने विचारले, "सर, मग पुढे राणीचं काय झालं?" वक्ते हसले आणि म्हणाले, "पुढे घरातली भांडणं झाली बाळ, ती सांगण्यासारखी नाहीत."

माझे या वक्त्यांशी भांडण आहे. त्यांचे नाव मी घेत नाही, कारण हा दोष त्यांच्या एकट्याचा नाही. पुतळ्यांखाली, स्मरणिकांत, व्याख्यानमालांत आपण सगळेच अर्धी ताराबाई पुजतो. राजाराम महाराज 1700 साली सिंहगडावर वारले, ताराबाई वारल्या 1761 च्या डिसेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. या एकसष्ट वर्षांपैकी सात आपण सांगतो आणि चोपन्न गिळतो. वर पुन्हा त्या चोपन्न वर्षांना 'घरातली भांडणे' म्हणतो. वाचकहो, ज्या घरातल्या भांडणात राज्याचे दोन तुकडे होतात, छत्रपती कैदेत पडतो आणि देवाच्या पायरीवर शपथ घेऊन आजी आपल्या नातवाला परका ठरवते, ते भांडण मुलांना सांगायचे नाही तर काय फक्त सनावळ्या सांगायच्या?

पहिल्या सात वर्षांविषयी माझा वाद नाही. हंबीरराव मोहित्यांच्या या लेकीची बुद्धी आणि कारभार यांची तारीफ खाफीखानासारख्या मोगल बाजूच्या बखरकाराला करावी लागली, यात सगळे आले. माझा मुद्दा 1707 पासून सुरू होतो.

त्या वर्षी आझमशहाने शाहूंना सोडले. सातव्या वर्षी रायगडावरून आईसह धरून नेलेला संभाजीपुत्र सतरा वर्षांनी परत येत होता. आई येसूबाई अजून ओलीस होत्या, त्या सुटल्या 1719 साली. ताराबाईंपुढे पेच पडला. एकीकडे स्वतःचा मुलगा शिवाजी, ज्याच्या नावाने त्यांनी रक्त आटवून राज्य राखले. दुसरीकडे थोरल्या घराचा वारस. त्यांनी दोन उत्तरे तयार केली. पहिले असे की हा शाहू नव्हे, हा तोतया आहे. दुसरे असे की शाहू असला तरी त्याचा हक्क उरत नाही. संभाजी महाराजांच्या हातून गेलेले राज्य माझ्या पतीने आणि मी नव्याने कमावले आहे, तेव्हा ते माझ्या मुलाचे.

एम. ए. ला मराठ्यांचा इतिहास शिकताना या दोन उत्तरांवर मी पुष्कळ विचार केला आणि आजही माझे मत तेच आहे. दुसरे उत्तर भक्कम होते. न्यायाच्या तागडीत ते टिकले असते की नाही यावर वाद होईल, पण ते प्रामाणिक होते. जिंजीपासून सातारापर्यंत ज्यांनी राज्य वाचवले त्यांना ते म्हणण्याचा अधिकार होता. मग पहिल्या उत्तराची गरज काय होती? प्रामाणिक उत्तर हाताशी असताना ताराबाईंनी 'तोतया' हा शब्द का उचलला? कारण तो सोपा होता. हक्काचा वाद घालायचा तर समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते. तोतयाचे काही ऐकावे लागत नाही. समोरच्या माणसाचे नावच खोटे ठरवले की काम झाले.

त्यांनी सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. सेनापती धनाजी जाधवांनीही ती घेतली. भीमेकाठी खेडजवळ, म्हणजे आजच्या राजगुरुनगरच्या परिसरात, 12 ऑक्टोबर 1707 रोजी फौजा समोरासमोर आल्या. धनाजी मनाने आधीच अडकले होते. अन्नावर शपथ घेतली आहे, पण समोरचा खरोखर शंभूराजांचा मुलगा असेल तर? खात्री करून घेण्याचा मार्ग त्यांनी धरला, आणि त्यात त्यांच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथांनी पुढाकार घेतला. खात्री पटल्यावर धनाजी लढले नाहीत, शाहूंना मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी मात्र लढले आणि हरले. दोघांनीही आपापला धर्म पाळला असे मी वर्गात सांगतो. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतो, दोघांचाही बरोबर कसा? विचारू द्यावे. त्या प्रश्नासाठीच तर इतिहासाचा तास असतो.

12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यावरून दुसरी गादी चालवली. 1714 साली सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला पुढे करून ताराबाई आणि त्यांचा मुलगा दोघांनाही कैदेत टाकले. मुलगा 1726 साली कैदेतच वारला. पुढे 1730–31 च्या लढाईत आणि तहात ताराबाई साताऱ्याला आल्या. ज्याला तोतया म्हटले होते त्याच पुतण्याच्या नजरकैदेत राहिल्या, आणि त्याने त्यांचा मान राखला. ही वर्षे मी भराभर सांगतो आहे, कारण खरा गुंता पुढे आहे.

शाहूंना मुलगा नव्हता. म्हाताऱ्या ताराबाईंनी तेव्हा सांगितले की माझ्या मुलाचा मुलगा जिवंत आहे. राजसबाईंच्या भीतीने त्याला लहानपणीच लपवून वाढवले आहे. हाच रामराजा. लोकांना शंका येणारच. ग्रँट डफने नोंदवले आहे की ती फेडण्यासाठी असे ठरले होते: ताराबाईंनी फौजेसमक्ष रामराजाबरोबर जेवावे आणि त्या अन्नावर शपथ घेऊन हा माझा नातू असल्याचे सांगावे. पुन्हा अन्न, पुन्हा शपथ. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू वारले आणि पुढच्याच महिन्यात रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. पंचविशीच्या आतला, आडबाजूला वाढलेला, राज्यकारभार कधी न पाहिलेला तरुण.

ताराबाईंचा हिशेब असा होता की नातू माझा, म्हणजे राज्य पुन्हा माझ्या घरात आले. पण 1750 च्या सप्टेंबरात सांगोल्याला रामराजाने कारभाराचे अधिकार बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या स्वाधीन केले. इथे मी ताराबाईंच्या बाजूने उभा राहतो. छत्रपतीची गादी नावापुरती राहणार हे त्या शहाण्या बाईने सर्वांच्या आधी ओळखले. ते अडवणे हे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटले असेल तर त्यांना कोणी दोष देऊ नये. चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्यांनी नातवाला किल्ल्यावर बोलावले, पेशव्यांना दूर करण्यास सांगितले, आणि तो ऐकेना तेव्हा 24 नोव्हेंबर 1750 रोजी त्याला कैद केले. गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावले. पंचाहत्तरी गाठलेली ही बाई उभ्या पेशवाईला आव्हान देत होती. दमाजी पुढल्या वसंतात हरले आणि कैदेत पडले. तरीही ताराबाई किल्ला सोडीनात.

आणि मग 1752 चा सप्टेंबर. पेशव्यांशी समेट झाला आणि जेजुरीला खंडोबासमोर शपथा झाल्या. तिथे ताराबाईंनी शपथेवर सांगितले की रामराजा माझा नातू नव्हे, तो गोंधळ्याचा पोर आहे.

अन्नावरची शपथ खरी मानावी तर जेजुरीची खोटी, आणि जेजुरीची खरी मानावी तर अन्नावरची खोटी. मधला रस्ता नाही. रामराजा खरा नातू होता याकडेच बहुतेक इतिहासकारांचा कल आहे, आणि मलाही तेच पटते. म्हणजे एका आजीने, गादीचा मान राखण्यासाठी म्हणून, गादीवर बसलेल्या आपल्याच रक्ताला नाकारले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुतण्यावर चालवलेला शब्द नातवावर चालवला. ही दोन वाक्ये वक्त्यांना मुलांसमोर उच्चारवत नाहीत. मला उच्चारवतात, आणि त्यामुळे ताराबाई लहान होत नाहीत. त्यांच्या मनात त्या दिवशी काय चालले असेल हे ज्याला विचारावेसे वाटत नाही, त्याने त्यांचा जयजयकार करू नये.

ताराबाईंना शिव्या देऊन पेशव्यांची आरती करणारेही आपल्यात आहेत. त्यांनी थोडे थांबावे. जेजुरीच्या शपथेनंतर पेशव्यांनी काय केले? छत्रपती गोंधळ्याचा मुलगा आहे असे देवासमोर ऐकल्यावर त्याला गादीवरून उतरवले का? नाही. खोटे बोलल्याबद्दल आजीला जाब विचारला का? तेही नाही. गादीवर तोच रामराजा राहिला, तोही कैदेत आणि छत्रपती या नावानिशी. पेशव्यांना खरा-खोटा छत्रपती असा भेदच उरला नव्हता. त्यांना शिक्का हवा होता. शपथ घेणारी एकटी, पण ती सोयीने ऐकणारे आणि सोयीने विसरणारे अनेक. रामराजाला मोकळीक मिळाली ताराबाईंच्या मृत्यूनंतर, 1763 साली, माधवराव पेशव्यांच्या काळात. 1777 साली तो वारला. त्याचा पुतळा मी कुठे पाहिलेला नाही.

मला ठाऊक आहे, काहींना ताराबाई हव्यात त्या पेशव्यांवर फेकायचा धोंडा म्हणून, आणि काहींना पेशवे हवेत ते ताराबाईंवर फेकायला. तिकडे पुण्या-कोल्हापुरात ही धोंडाफेक खुशाल चालू द्यावी. आम्हां सीमेवरच्यांना त्यात रस नाही. आम्हाला 'तोतया' या शब्दात रस आहे, कारण तो आमच्यावर दोन्ही बाजूंनी येतो. 1956 साली आमच्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. आधी आंध्रात, 2014 पासून तेलंगणात. तिकडचे पाहुणे आमची बोली ऐकून म्हणतात, ही कसली मराठी! इकडच्या कचेरीत विचारतात, तुम्ही इथले की महाराष्ट्रातले? खरे कोण आणि खोटे कोण हे दुसऱ्याने ठरवायचे, ही सवय साताऱ्यात संपली असे समजू नका.

आता लिहायला जड जाते ते लिहितो, कारण नाही लिहिले तर या वक्त्यांत आणि माझ्यात फरक राहणार नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावच्या शाळेत प्रवेशाचे काम पाहत होतो. प्रवेशाच्या नोंदवहीत मातृभाषेचा रकाना असतो. त्या वर्षी मराठी घरांतली सतरा मुले आली. वरून तोंडी सूचना आली की मराठी लिहिलेत तर मराठीचा शिक्षक मागावा लागेल, तो मिळणार नाही, वर्ग अडकून पडेल; तेलुगू लिहा आणि मोकळे व्हा. मी मोकळा झालो. सतराही नावांपुढे तेलुगू लिहिले. मुलांचे वर्ष वाचले, शाळेचा वर्ग टिकला, हे सगळे खरे आहे. माझे कर्तव्य मी केले असे मला कोणीही म्हटले असते, आणि म्हटलेही.

दोन आठवड्यांनी एका मुलीचे आजोबा आले. बोरगावकडचे शेतकरी, अंगठा उठवणारे. कोणीतरी त्यांना नोंद वाचून दाखवली होती. भांडले नाहीत. पायरीवरच बसून त्यांनी विचारले, "गुर्जी, पोरगी घरात आमच्याशी बोलते ते कायले मंग?" मी त्यांना चहा पाजला. शाळेची अडचण समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

शिवजयंतीच्या पुढच्या सोमवारी मी दहावीच्या वर्गावर गेलो आणि त्या मुलीला पुढे काय झाले ते सगळे सांगितले. खेड, पन्हाळा, सांगोला, जेजुरी. दोन तास गेले. शेवटी तिने विचारले, "मग आजीला ठाऊक होतं ना सर, तो आपलाच आहे म्हणून?" मी होय म्हणालो. त्या सतरा मुलांची नोंदवही मात्र अजून त्याच शाळेच्या लोखंडी कपाटात आहे. गेल्या वर्षी कामानिमित्त तिथे गेलो होतो तेव्हा मी ती उघडून पाहिली. अक्षर माझेच आहे, आणि सतरा नावांपुढे तेलुगू असेच लिहिलेले आहे.