उद्दिष्टांचा हिशेब कोणापुढे?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करावा, असे बंधन त्याने घातले आहे. उच्च शिक्षणाच्या सोयींचे न्याय्य वाटप व्हावे, वंचित व अविकसित भागांच्या गरजांकडे विशेष लक्ष दिले जावे, हा त्या आराखड्याचा कायद्यानेच सांगितलेला हेतू आहे. तेव्हा आराखडा हे जनतेला दिलेले वचन होय. वचन दिले की ते किती पाळले याचा हिशेब ओघानेच आला. तो हिशेब कोणत्या मापाने आणि कोणापुढे मांडायचा, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले. आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या अधिक जवळ यावे, हाच अशा विभाजनाचा अर्थ. परंतु त्याच १९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले. एका हाताने विद्यापीठ जवळ आणले आणि दुसऱ्या हाताने शुल्काची भिंत उभी केली, असा हा योगायोग होता.

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार असून तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के आहे. कोलामांसारखी अतिमागास गणली गेलेली जमात येथे राहते. या जिल्ह्याने राज्याला वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री दिले. तरीही कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांमुळेच त्याचे नाव देशभर पोहोचले. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन येथील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राण गमावून बसले. अशा जिल्ह्यात विद्यापीठाची प्रगती मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे?

प्रचलित रीत सर्वांना ठाऊक आहे. मूल्यांकनाची श्रेणी, राष्ट्रीय क्रमवारीतील स्थान, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, सह्या झालेले सामंजस्य करार यांचे तक्ते तयार होतात. हे आकडे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. तथापि ते सरासरीचे आकडे असतात, आणि सरासरीत दुर्बळाचे दुःख बेमालूम लपते. यवतमाळ शहरातील महाविद्यालय आणि झरी-जामणीतील महाविद्यालय तक्त्यात प्रत्येकी एकच मोजले जाते. एकात प्राध्यापक पुरेसे आणि दुसऱ्यात एकाच माणसावर तीन विषयांचा भार असला, तरी बेरीज दोनच येते. प्रथम वर्षाला नाव घातलेली शेतमजुराची मुलगी कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातून नाहीशी होते. पटावरून तिचे नाव मात्र लवकर जात नाही. प्रवेशाचा आकडा तिला मोजतो, गळतीचा आकडा कोणी मागत नाही.

विद्यापीठाच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अनुदानित अध्यापकांच्या पदभरतीला मान्यता सरकार देते, अनुदान सरकार देते, शिष्यवृत्तीची रक्कमही सरकारच सोडते. हात बांधलेल्याला पोहण्याची परीक्षा द्यायला लावणे न्यायाचे नाही. पण म्हणूनच हिशेब अधिक नेमका हवा. विद्यापीठाने काय केले नाही आणि सरकारने काय करू दिले नाही, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहिले गेले, तर दोघांनाही एकमेकांच्या आड लपता येणार नाही. असा अहवाल विद्यापीठाचे बळ वाढवणाराच ठरेल.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक उद्दिष्टाची प्रगती तालुकावार मांडावी. प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी पदवीपर्यंत किती पोहोचले, हे मुली, आदिवासी व भूमिहीन कुटुंबे यांच्याबाबत वेगळे द्यावे. मंजूर पदे व भरलेली पदे शेजारी शेजारी छापावीत. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हाती पडली ते सांगावे. कापूस, कर्ज, विषबाधा या विषयांवर झालेले संशोधन किती गावांपर्यंत गेले, याचीही नोंद व्हावी. हा अहवाल सोप्या मराठीत अधिसभेपुढे ठेवावा, आणि नंतर वणी, पुसद, पांढरकवडा येथे भरसभेत वाचून दाखवावा.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हाच मुद्दा मांडला होता : सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील त्याचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्या कैफियतीला उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. ज्यांचे नाव विद्यापीठाने घेतले, ते गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आता प्रश्न विचारण्याची पाळी श्रोत्यांची आहे. उत्तर देण्यासाठी विद्यापीठाला अमरावतीहून यवतमाळच्या खेड्यापर्यंत यावे लागेल. तेवढी वाट त्याने चालली, तरी आराखड्यातील पहिले उद्दिष्ट गाठले असे म्हणता येईल.