धावणारे आपले, घड्याळ कुणाचे?

पोलीस भरती निघाली की वाशीम-रिसोड रस्त्यावर पहाटे आपली पोरे-पोरी धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. या 50 गुणांवर अख्ख्या घराची आशा! पण नडगी दुखू लागली तर थांबायचे की धावायचे, विश्रांती किती, खायचे काय, हे सांगणारा कोण? थकवा, श्वास, आहार, मनाची तयारी मोजून कामगिरी वाढविण्याचे शास्त्र आहे. क्रीडाविज्ञान म्हणतात त्याला, आणि त्यात आज पगाराच्या नोकऱ्या आहेत.

पुण्याच्या इंग्रज जिमखान्यात बाळू पालवणकर गोऱ्यांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे नाकारले गेले. (1937 ला ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, तो भाग वेगळा.) घाम आमचा, निर्णय दुसऱ्याचा!

म्हणून बारावी विज्ञान झालेले पोर हे शिकू म्हणाले तर "खेळून पोट भरते का?" असे विचारून त्याला अडवू नका. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 ची. परदेशी जायचे तर अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी 75 जागा. त्यातली एखादी वाशीमला का येऊ नये? जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला अडला तर कोर्टात येऊन भेटा. अर्ज मी लिहून देईन.