स्ट्रटचा मधला नट

पावसाळा सरला की खड्ड्यांनी खिळखिळ्या झालेल्या गाड्यांची कामं निघतात. हल्ली आपले बरेच वाचक पुढचे शॉकअप घरच्या पार्किंगमध्येच बदलतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण सगळं काम नीट करून शेवटच्या नटाशी घाई होते, आणि नव्या शॉकअपचं आयुष्य तिथेच कमी होतं.

मारुती 800 पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्याचा वरचा मधला नट आवळताना शॉकअपचा दांडाही सोबत फिरतो. मग इम्पॅक्ट गन लागते. नट बसतो, पण किती बसला हे गन सांगत नाही. शिवाय दांड्याबरोबर आतला पिस्टन गरागरा फिरतो आणि सील घासलं जातं. दांडा पकडीने धरणं तर त्याहून वाईट. क्रोमवर नखाला लागेल एवढा ओरखडा उठला, तर तो दर खड्ड्याला सीलमधून वरखाली जातो आणि शॉकअप तेल सोडू लागतो.

दांड्याच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते, काहींना चपट्या कडा असतात. दांडा तिथेच धरायचा. बाहेरून षट्कोनी असलेला नळीसारखा प्लग पाना नटाच्या मापाचा असेल, तर तो नटावर बसवून ॲलन की त्याच्या पोकळीतून खाली घाला. मग टॉर्क रेंचला क्रोफूट, म्हणजे नुसतं पान्याचं तोंड, लावून प्लग पाना बाहेरून फिरवा. क्रोफूट रेंचच्या सरळ रेषेत असेल तर रेंचची लांबी वाढते आणि नटावर जास्त जोर पडतो. समजा रेंच 400 मिलिमीटरचा आहे, क्रोफूटने 50 ची भर घातली आणि नटाला 50 न्यूटन-मीटर हवेत. तर रेंच साधारण 44 वर लावायचा. क्रोफूट काटकोनात लावला तर हा हिशेब जवळपास लागतच नाही, म्हणून आमची पसंती काटकोनालाच.

आकडा आपल्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा, शेजारच्या गाडीवरून नव्हे. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर आट्यांना तेल लावू नका. तेलकट आट्यांवर तोच आकडा नट जास्त ओढतो. नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की नवाच लावा. चार पैशांसाठी जुना वापरण्यात शहाणपण नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो: स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून तिचा ताण पुरता उतरल्याशिवाय मधल्या नटाला हात लावू नका. ती उसळली तर माणूस जायबंदी होतो, प्रसंगी जीवही जातो. बसवताना नट पूर्ण आवळून झाल्यावरच, स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीच्या खाचेत बसलंय हे पाहून, कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा सोडा.

खाली स्ट्रट नकलला जोडणारे बोल्ट दातेरी असतील तर त्यांचं डोकं स्थिर धरून नट फिरवा. लोअर आर्म सोडवला असेल, तर त्याच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू नका. चाकांवर गाडीचं वजन आल्यावर आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पाहा. स्प्रिंग अडखळून टणत्कार झाला तर वरचं बेअरिंग पुन्हा तपासा, आणि अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.