चिन्ह का उलटतं?

आपल्या होस्टेलमधले बरेच जण सुट्टीच्या दिवशी कुणाला ना कुणाला गणित शिकवतात. कुणी पॉकेटमनीसाठी, कुणी नातेवाइकांच्या आग्रहाखातर. "इंजिनिअरिंगला आहेस ना, मग आमच्या पोराचं गणित बघ की जरा!" हे वाक्य कुणाला चुकलंय? पण मित्रांनो, माझी तक्रार अशी की यातले बहुतेक जण शिकवत नाहीत, ट्रिक सांगतात. "ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटं कर." का? "नियमच आहे तसा!" एम-थ्रीचे लाप्लास झोपेत सोडवणाऱ्यांचं हे उत्तर.

माझा मावसभाऊ डोंबिवलीला आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. सध्या असमानता, म्हणजे त्याच्या भाषेत इनइक्वॅलिटी, चालू आहे. गणित होतं −२क्ष < ६. उत्तर लिहिलं क्ष < −३. "−४ घालून बघ," म्हटलं. ८ < ६ आलं आणि साहेब गप्प. "ताई, मी मॅथ्समध्ये ढच आहे." तेरा वर्षांचं पोरगं स्वतःबद्दल हे ठरवून मोकळं होतं, आणि पुढे ते बदलायला कुणाला वेळ नसतो.

मग आम्ही कँटीनच्या उधारीची वही काढली. खिशात दोन रुपये असणाऱ्यापेक्षा पाचवाला श्रीमंत. पण वहीत ज्याच्या नावावर पाच उधार, तो दोन उधारवाल्यापेक्षा कंगाल. म्हणून २ < ५, पण −२ > −५. तो थोडा वेळ वहीकडे बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे अख्खी रांगच उलटी झाली!" बस्स, हेच तर हवं होतं. गंमत म्हणजे मराठीत ही गोष्ट शब्दातच आहे. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम याच शब्दांत लिहिले. 'नेगेटिव्ह' म्हटलं की ते कर्ज दिसेनासं होतं. माध्यम कुठलंही असो, हा एक शब्द पोरांना सांगायला काय जातं?

दुसरी अडचण म्हणजे "उत्तर एकच का नाही?" त्यासाठी तिकीट खिडकी पुरते. लोकलला पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाचपासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं. म्हणजे ५ ≤ क्ष < १२. पाचव्या वाढदिवशी अर्धं तिकीट लागू, म्हणून संख्यारेषेवर तिथे भरीव ठिपका. बाराव्या वाढदिवशी अर्धं बंद, म्हणून पोकळ. त्या एका छोट्या आडव्या रेघेची किंमत मग पाठ करावी लागत नाही.

'बरोबर'चं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं. < आणि > ही चिन्हं टॉमस हॅरियटच्या पुस्तकात १६३१ मध्ये आली, तीही त्याच्या मृत्यूनंतर. मोठमोठ्यांना इतका वेळ लागला, मग आठवीतल्या पोराला दोन आठवडे द्याल की नाही? मावशीला मात्र युनिट टेस्टचे मार्क हवेत. असो.

आणि आपण तरी काय करतो? वर्कशॉपमध्ये जॉब बरोबर २५ मिलिमीटर कधी भरलाय? टॉलरन्समध्ये बसला की पास! बीमवरचा ताण मर्यादेखाली असला की डिझाइन चालतं. ज्या गोष्टीवर आपलं पोट चालणार, तीच आपण पोरांना 'ट्रिक' म्हणून देतो.

परवा त्याला रिक्षाचं गणित दिलं. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला साधारण १७ धरू. खिशात ६० रुपये आहेत, तर दीडच्या पुढे किती जाता येईल? २६ + १७क्ष ≤ ६०, म्हणून क्ष ≤ २, एकूण साडेतीन किलोमीटर. न अडखळता सोडवलं. खाली स्वतःहून एक ओळ जोडली: "रिक्षावाले काका मीटर टाकायला तयार झाले तर."