अजिंठ्याच्या भिंतीवर राक्षसी आहेत, पडद्यावर मात्र फक्त पारो



'कल्ट' हा शब्द आता आपल्या पोरांच्याही तोंडी बसला आहे. 'शोले' कल्ट, 'अशी ही बनवाबनवी' कल्ट, 'तुंबाड' कल्ट. बसू द्या. मी स्वतः मारधाडीचे, भुताखेतांचे, गँगस्टरचे सिनेमे चवीने बघणारा माणूस आहे. माझी तक्रार आहे ती चळवळीत रुजलेल्या एका शहाणपणाबद्दल: 'हा सगळा टाइमपास आहे, आपल्याला महापुरुषांवरचे सिनेमे पाहिजेत, बाकी काही नको.' या शहाणपणाची किंमत किती मोजावी लागते, ते अजिंठ्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

२०१२ च्या मे महिन्यात नितीन चंद्रकांत देसाईंचा 'अजिंठा' आला. ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेवर बेतलेला. सोनाली कुलकर्णी पारो, फिलिप स्कॉट वॉलेस रॉबर्ट गिल, संगीत कौशल इनामदारांचं. देसाई आणि महानोर दोघेही २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसाच्या अंतराने गेले. दोघांचं काम मोठं होतं, ते मान्य करूनच बोलतो. देसाईंसारखा सेट उभारणारा माणूस आणि पळसखेडचा, म्हणजे याच मातीतला कवी, एकत्र आले आणि त्यांना अजिंठ्यात काय दिसलं? गोरा साहेब आणि आदिवासी पोरगी. लेणी मागे, प्रेम पुढे. बुद्ध तर त्याहून मागे.

हा एक ठरलेला जॉनर आहे, हे ओळखा. परका पुरुष येतो, रानातली मुलगी त्याला भेटते, ती निसर्गासारखी निरागस असते, आणि शेवटी मरते ती तीच. गिल १८४४ मध्ये कंपनी सरकारच्या हुकमावरून चित्रांच्या नकला करायला आला, हे खरं. पारोचं थडगं अजिंठा गावात आहे आणि त्यावर २३ मे १८५६ ही तारीख आहे, हेही खरं. पण त्या दगडावरचे शब्दसुद्धा गिलचेच आहेत, पारोचं स्वतःचं एक वाक्य नाही. तिच्या तोंडात जे घातलं ते सगळं आधी कवीने आणि मग सिनेमावाल्याने.

कोणी म्हणेल, प्रेमकहाणीचं एवढं काय वावडं? अजिबात नाही. 'सैराट' प्रेमकहाणीच आहे, आणि तिने जातीचं नाव न घेता जात दाखवली. प्रश्न असा आहे की बौद्ध विषय हातात आला की यांना प्रेमकहाणीच का सुचते? २००१ चा शाहरुख खानचा 'अशोका' आठवा. तिथेही बहुतेक वेळ कौरवाकीच्या मागे. कलिंग झालं, तलवार टाकली, सिनेमा खलास! ज्या कामासाठी जग अशोकाला ओळखतं ते काम सुरू होण्याआधीच पडदा पडतो.

आता अजिंठ्याच्या भिंतीवर खरंच काय आहे ते बघू. सतरा नंबरच्या लेणीत सिंहलाची कथा रंगवली आहे. पाचशे व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं, ते एका बेटावर लागतात, तिथे सुंदर बायका त्यांचं स्वागत करतात आणि त्या बायका असतात राक्षसी, माणसं खाणाऱ्या. सिंहल एका उडत्या घोड्यावरून निसटतो. पण एक राक्षसी माणसाच्या रूपात त्याच्या मागोमाग येते, राजासमोर उभी राहून म्हणते, हा माझा नवरा आहे. राजा तिच्यावर भाळतो, तिला राणीवशात घेतो, आणि सकाळी राजवाड्यात उरतात फक्त हाडं. हा हॉरर नाही तर काय आहे? दहा नंबरच्या लेणीत छद्दंत जातक आहे. एक हत्तीण अपमान मनात धरून मरते, पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि पूर्वजन्मीच्या नवऱ्याचे दात कापून आणायला शिकारी धाडते. हत्ती स्वतःच शिकाऱ्याला दात कापू देतो. दात समोर आले तेव्हा राणीचं काळीज फुटतं. सूडपटाची इतकी घट्ट पटकथा मी फार थोडी पाहिली आहे. शिवाय सूड घेणारीच शेवटी कोसळते, हा धम्माचा मुद्दा प्रवचन न देता येतो.

म्हणून 'भुताखेतांचे सिनेमे म्हणजे अंधश्रद्धा, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी ते बघू नयेत' असं सांगणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना माझा नम्र सवाल आहे. भिक्खूंच्या विहारात राक्षसी रंगवल्या गेल्या तेव्हा कोणाचा धम्म बुडाला? गोष्टीतली राक्षसी पाहणं आणि मांत्रिकाकडे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हां, एक प्रश्न मात्र त्या भिंतीलाही विचारलाच पाहिजे. समुद्रापलीकडच्या बेटावरच्या बायका राक्षसी, हे ठरवलं कोणी? राक्षस कोणाला म्हणायचं हा आपला जुनाच झगडा आहे, आणि तो पडद्यावर जबरदस्त मांडला तो पा. रंजित यांनी, २०१८ च्या 'काला'त. धारावीचा काळा माणूस रावण आणि पांढऱ्या कपड्यातला हरी अभ्यंकर राम. हा सरळसरळ गँगस्टरपट आहे, रजनीकांतचा, शिट्ट्यांचा. त्यात कालाच्या जीपचा नंबर बघा: एमएच ०१ बीआर १९५६. ज्याला कळायचं त्याला कळलं, बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या. चरित्रपटाला हे जमत नाही. चरित्रपट बघणारा आधीच आपला असतो.

आणि आपल्याकडे? 'तुंबाड' २०१८ मध्ये फारसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. कल्ट असा तयार होतो, लोक परत परत बघतात म्हणून. सिनेमा उत्तम आहे, पण तो वाडा कोणाचा, खजिना कोणाचा, हाव कोणाची? ब्राह्मण वाड्याला त्याचा हॉररपट मिळाला. 'मुंज्या'ही आला. आपल्याकडे भुतांनासुद्धा वर्णव्यवस्था आहे: मुंजा व्हायला आधी मुंज व्हावी लागते, ब्रह्मसमंध व्हायला जन्म लागतो. गावकुसाबाहेरचा माणूस मात्र भूत होऊनही पिंपळावर बसत नाही. ज्यांच्या अंगावर खरी दहशत गेली, त्यांचा हॉररपट मराठीत नाही. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला डुकराचा पाठलाग त्याच्या सगळ्यात जवळ जातो. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचं घर महापुरुषांच्या चित्रांसमोरून चालतं, तिथे पोटात गोळा येतो. तो गोळा आणायला भूत लागलं नाही.

तर करायचं काय? मला एक रोड मूव्ही दिसते, आणि तिची कथा बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. साल १९३४. तीसेक कार्यकर्ते, भाड्याच्या बस आणि गाड्या, बेत वेरूळची बौद्ध लेणी बघण्याचा. अस्पृश्य प्रवाशांना वाटेत त्रास होतो म्हणून दौरा मुद्दाम जाहीर केलेला नाही. नाशिकहून निघायचं, वाटेत येवला. त्याच येवल्यात पुढच्याच वर्षी ते हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर करणार आहेत, पण गाडीतल्या कोणालाच हे ठाऊक नाही. दौलताबादच्या किल्ल्याबाहेर धुळीने माखलेली माणसं तळ्याच्या पाण्याने तोंड धुतात, तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत येतो की तळं बाटलं. गर्दी जमते, हमरीतुमरी होते. शेवटी किल्ला बघू देतात, पण पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

त्यात रहस्य आहे, पाठलागाची भीती आहे, मारामारी होता होता राहते, आणि अख्ख्या प्रवासात नायक पर्यटक म्हणून निघालेला आहे. गाणंही बसेल, बसमधलं. नागसेनवनापासून दौलताबाद पंधरा-सोळा किलोमीटर. मोबाइलवर शॉर्टफिल्म करणाऱ्या आपल्या पोरांनी आधी तळ्याचा प्रसंग लिहून बघावा.