बाही घट्ट झाली की टेप काढा

कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या परभणी जिल्ह्यातल्याच एका ताईंनी आम्हाला आपला ब्लाऊज दाखविला. डाव्या बाहीची शिवण दोनदा उसवून सैल केलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनाचे कर्करोगाचे ऑपरेशन झाले, त्या वेळी काखेतल्या गाठीही काढल्या. रोग गेला, पण हात जड होऊ लागला, बांगडी चढेना. एका दवाखान्यात विचारले तर "ऑपरेशननंतर असे होतेच" एवढेच उत्तर मिळाले. शेजारणींनी हत्तीरोग ठरवून टाकला आणि त्यांचा पेला वेगळा ठेवला. पेला वेगळा ठेवण्याचा अर्थ आपल्या घरांत कोणाला समजावून सांगायला नको.

तेव्हा आधी हेच सांगतो की हा हत्तीरोग नव्हे. हत्तीरोगसुद्धा डासांमुळे होतो, पेल्यामुळे नाही. या सुजेला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात. हातातले लसिका नावाचे पाणी काखेतल्या गाठींतून परत रक्तात जाते. त्या गाठी काढल्या किंवा तिथे किरणांचे उपचार झाले की वाट अडते व पाणी हातात साचते. 2013 साली जगभरच्या अभ्यासांची बेरीज झाली. काखेतल्या बहुतेक गाठी काढलेल्या स्त्रियांत दर पाचांपैकी सुमारे एकीला ही सूज आढळली. मोजक्याच गाठी काढल्या तेथे शंभरात सुमारे सहा जणींना. ही सूज काही महिन्यांनी येते, तशीच काही वर्षांनीही येते. सुरुवातीला ती दाबपट्टीने व व्यायामाने आवरते. उशीर झाला तर मांस कठीण होते, मग ती पुरती उतरत नाही. म्हणून डोळ्यांना दिसण्यापूर्वी ती मापात सापडली पाहिजे.

त्यासाठी आता लहान, नेता येण्याजोगी यंत्रे निघाली आहेत. एक यंत्र हातातून अगदी सूक्ष्म वीज सोडते. ती जाणवतही नाही. पाणी जास्त असेल तर वीज सहज जाते, त्यावरून दोन्ही हातांतला फरक कळतो. (हृदयात पेसमेकर असेल तर हे यंत्र वापरू नये.) अमेरिका व ऑस्ट्रेलियातल्या 963 स्त्रियांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीची सूज सापडलेल्या स्त्रियांना चार आठवडे, रोज बारा तास दाबाची बाही दिली. यंत्राने सूज सापडलेल्यांपैकी शंभरात 8 जणींची सूज पुढे वाढली, टेपने सापडलेल्यांपैकी 19 जणींची. यंत्र सरस, यात शंका नाही. पण छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय परभणीहून सुमारे दोनशे किलोमीटर. केवळ मोजून घेण्यासाठी दर महिन्याला मजुरी बुडवून कोण जाणार? यंत्र गावात येईपर्यंत शिंप्याचा टेप आपलाच आहे.

मात्र मोजायचे शिस्तीने. कापडी जुना टेप ताणून लांब झालेला असतो, तो घेऊ नये. नवा घ्यावा व पोराच्या पट्टीशी जुळवून पाहावा. हात टेबलावर सरळ ठेवावा. मनगट, कोपराच्या खाली 10 सेंटिमीटर, कोपराच्या वर 10 सेंटिमीटर अशा जागी पेनाने खूण करावी. टेप कातडीला टेकावा, आवळू नये. दोन्ही हात मोजावे, कारण कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. म्हणूनच पहिले माप ऑपरेशनपूर्वीचे असले तर सोन्याहून पिवळे. दर वेळी तेच माणूस, तीच वेळ, तीच वही. कुठेही फरक 2 सेंटिमीटरपर्यंत गेला तर डॉक्टरांकडे जावे; त्याआधीही हात जड वाटला, अंगठी रुतू लागली तर टेपच्या निकालाची वाट पाहू नये.

दुसरी रीत बादलीची. बादली परातीत ठेवून काठोकाठ भरावी, हात खुणेपर्यंत बुडवावा, सांडलेले पाणी मापाने मोजावे. मग दुसरा हात. दोन्हींत 200 मिलिलिटरचा, म्हणजे लहान पेलाभर पाण्याचा, फरक आला तर ती सूज समजतात. जखम असेल तर हे करू नये.

जखमेचे सांगितलेच पाहिजे. ताईंना बोंडाचे वाळलेले टोक बोटाला लागले आणि दोन दिवसांत हात लाल, गरम, थंडीताप. अशा वेळी पट्टी न बांधता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, औषध पूर्ण घ्यावे. सुजलेल्या हाताला जंतू लवकर धरतात आणि प्रत्येक ताप सूज वाढवून जातो. आता ताई जुन्या शर्टाची लांब बाही व हातमोजा घालून वेचणीला जातात.

त्यांच्या वहीतले पहिले माप दंडावर साडेतीन सेंटिमीटर फरकाचे होते. ती वही पाहिल्यावर डॉक्टरांनी दाबाच्या बाहीचे माप घेतले. वस्तीतल्या शिलाई करणाऱ्या वहिनी दर पौर्णिमेला, विहारात जाण्यापूर्वी, त्यांचा हात मोजतात. गेल्या पौर्णिमेला फरक दोन सेंटिमीटर होता. चहा दोघींनी एकाच घरच्या पेल्यांतून घेतला.